गाईड नाही, मग त्याचं काम कोण करणार?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

  

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. प्रश्न साधारण असा असतो: "सह्याद्रीत पाच-सहा वर्षं ट्रेक करतोय. आता बॅकपॅकिंगला बाहेर जायचंय. तिथे गाईड न घेता डोंगरात जाता येईल का? की ते वेडेपणाचं आहे?"

जाता येतं. दरवर्षी हजारो लोक जातात. पण "जाता येतं" एवढं सांगून मी हा भाग संपवला तर तुमचं नुकसान होईल. त्यामुळे आज आपण एकच ट्रेक घेऊ आणि तो नीट उलगडून बघू. जॉर्जिया देशातला, कॉकेशस पर्वतातला, स्वानेती भागातला मेस्तिया ते उश्गुली.

हाच का? तर हा चार दिवसांचा आहे, साधारण ५५ ते ६० किलोमीटर. रोज संध्याकाळी एखादं गाव येतं, तिथे गेस्टहाउस असतं, जेवण मिळतं. तंबू न्यायची गरज नाही. वेगळा ट्रेकिंग परवाना लागत नाही. वाटेवर खुणा आहेत. थोडक्यात, पहिल्यांदा गाईडशिवाय परदेशात चालायचं तर यासारखी शाळा नाही. आणि या शाळेत एक पेपर अवघड आहे. तो तिसऱ्या दिवशी येतो. त्याच्याकडे आपण येऊच.

आधी नियम बघा

सुरुवातीला एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. गाईड घ्यायचा की नाही हे प्रत्येक ठिकाणी तुमच्या हातात नसतं.

नेपाळचंच घ्या, आपल्याला सगळ्यात जवळचं. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्ससाठी राष्ट्रीय उद्यानं आणि संवर्धन क्षेत्रांत परवानाधारक गाईड सक्तीचा केला. पण एव्हरेस्टच्या खुंबू भागातल्या स्थानिक पालिकेने तो नियम राबवायला नकार दिला. म्हणजे एकाच देशात दोन तऱ्हा. पेरूमध्ये प्रसिद्ध इंका ट्रेलवर तुम्ही एकटे जाऊच शकत नाही. परवानाधारक कंपनीबरोबरच जावं लागतं, रोज गाईड आणि पोर्टर धरून एकूण ५०० लोकांनाच सोडतात आणि फेब्रुवारीत वाट बंद असते. चिलीतल्या तोरेस देल पाइनेमध्ये उन्हाळ्यात गाईडशिवाय चालता, पण मुक्कामाचं बुकिंग आधी दाखवावं लागतं.

तेव्हा इन्स्टावर कुणीतरी २०१९ साली केलेला ट्रेक बघून तिकीट काढू नका. जायच्या महिन्यात नियम काय आहे ते त्या देशाच्या अधिकृत ठिकाणी बघा. व्हिसाचंही तेच. भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाला व्हिसा लागतो, तो ऑनलाइन काढता येतो, पण अटी बदलत असतात.

गाईड नेमकं काय करतो?

आता मुद्द्याचं. आपल्याकडे गाईड म्हटलं की डोळ्यासमोर वाट दाखवणारा माणूस येतो. आपला जुना शब्दही तोच, वाटाड्या. पण वाट दाखवणं हे त्याच्या कामातलं कदाचित सगळ्यात सोपं काम.

जरा आठवा, गावातला एखादा मामा तुमच्याबरोबर गडावर आला होता तेव्हा त्याने काय काय केलं. सकाळी आभाळाकडे बघून "लवकर निघू" म्हणाला. ग्रुपमधल्या दमलेल्या मुलीकडे बघून, तिला न सांगता, वेग कमी केला. ओढ्यापाशी थांबला, जरा वर गेला आणि दुसऱ्या जागेवरून पलीकडे नेलं. कुत्री अंगावर आली तेव्हा त्यांना नावाने हाक मारली. धनगरवाड्यात ताक मागून आणलं. आणि तीन वाजता "आता माथ्यावर नको, खाली उतरू" असं म्हणाला तोही तोच.

म्हणजे वाट, हवामान, वेग, पाणी, स्थानिक माणसं, परत फिरायचा निर्णय आणि काही झालंच तर मदत. सात कामं. तुम्ही गाईड घेतला नाहीत म्हणून यातलं एकही काम रद्द होत नाही. ती सगळी तुमच्या सॅकमध्ये येतात.

म्हणून "मला गाईड लागेल का?" असं विचारण्यापेक्षा "या सातातली कुठली कामं मला येतात?" असं विचारा. उत्तर जास्त उपयोगी मिळतं. चला, मेस्तिया-उश्गुलीवर एकेक लावून बघू.

काम पहिलं: वाट

राजधानी तिबिलिसीहून ट्रेनने झुगदिदी आणि तिथून मार्श्रुत्काने मेस्तिया. मार्श्रुत्का म्हणजे आपली वडापची जीप समजा, फक्त मिनी व्हॅनच्या रूपात. भरली की निघते.

मेस्तिया साधारण १,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुमचा ट्रेक जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरूनच सुरू होतो. पहिला दिवस झाबेशीपर्यंत, दुसरा आदिशी गावापर्यंत, तिसऱ्या दिवशी छखुंदेरी खिंड ओलांडून इप्रारीकडे उतरायचं, चौथ्या दिवशी उश्गुली. सगळ्यात उंच जागा ती खिंड, २,७०० मीटरच्या आसपास.

वाटेवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, दगडांवर, झाडांवर. शिवाय फोन. गूगल मॅप्स शहरात उत्तम, पण पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ॲप घ्या. ऑर्गॅनिक मॅप्स आहे, मॅप्स डॉट मी आहे. नकाशा वायफायवर आधीच डाउनलोड करा. फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते उपग्रहाकडून येतं, सिमकार्डाशी त्याचा संबंध नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, बॅटरी टिकेल. थंडीत बॅटरी झपकन उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पॉवर बँक हवीच.

पण एक लक्षात ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपच्या रेषा तुमच्या-माझ्यासारख्या स्वयंसेवकांनी काढलेल्या आहेत. नकाशावर रेघ आहे म्हणजे जमिनीवर आजही वाट आहे असं नाही. मध्ये दरड आली असेल, पूल वाहून गेला असेल. त्यामुळे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर समोरून, म्हणजे उलट दिशेने आलेल्या लोकांना विचारा. त्यांनी ती वाट आजच पाहिलेली असते. कुठल्याही ॲपपेक्षा ताजी माहिती.

काम दुसरं आणि तिसरं: आभाळ आणि वेग

कॉकेशसमध्ये उन्हाळ्यात सकाळ स्वच्छ आणि दुपारी गडगडाट, हे नेहमीचं चित्र. खिंडीच्या उघड्या धारेवर दुपारी विजा चमकत असताना तुम्हाला असायचं नाहीये. म्हणून लवकर निघायचं. सह्याद्रीत आपण उन्हासाठी लवकर निघतो, इथे विजेसाठी.

सिझन साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. त्याआधी वरच्या भागात जुना बर्फ असू शकतो. सह्याद्रीत बर्फावर चालायची सवय कुणालाच नसते. तीव्र उतारावरचा कडक बर्फ दिसायला निरुपद्रवी असतो आणि पाय सटकला की थांबवता येत नाही. तेव्हा आपण जुलैच्या मध्यानंतर जाऊ. यात कमीपणा काही नाही.

उंचीच्या त्रासाचं काय? तो साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. इथे आपण खिंडीत थोडाच वेळ असतो आणि झोपायला खाली येतो, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. पण हेच गणित किर्गिझस्तानातल्या अला-कुलला लावू नका, तिथे खिंड ३,८०० मीटरच्या वर आहे. नेपाळला तर नाहीच नाही.

काम चौथं: तिसऱ्या दिवसाची नदी

आता तो अवघड पेपर. आदिशी गावातून निघालं की साधारण दोन तासांत आदिशी हिमनदीतून येणारा प्रवाह लागतो. नेहमीसारखा पक्का पूल धरून चालू नका. पाण्यातून जायचं असतं.

इथे सह्याद्रीचा अनुभव आपल्याला फसवतो, म्हणून मी जरा सावकाश सांगतो.

आपला ओढा कधी फुगतो? पाऊस पडला की. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आभाळ भरलं तर पाण्याला भ्यायचं, ऊन असेल तर बिनधास्त. हिमनदीच्या पाण्याचं उलट आहे. ते पाऊस नसतानाही वाढतं, कारण ते वितळलेलं बर्फ आहे. रात्री थंडीत वितळणं मंदावतं, पहाटे पाणी सगळ्यात कमी. सूर्य वर आला की बर्फ वितळायला लागतो आणि दुपार ते संध्याकाळ पाणी चढतं. म्हणजे जितकं छान निळं आभाळ, जितकं लख्ख ऊन, तितकी दुपारी ती नदी वाईट. ज्या दिवशी तुम्हाला वाटेल "वा, काय मस्त दिवस आहे, आरामात निघू", तोच दिवस आरामात निघायचा नसतो.

दुसरं, ते पाणी राखाडी असतं. हिमनदी खडक घासून त्याचं पीठ करते, ते पाण्यात असतं. त्यामुळे तळ दिसत नाही आणि खोली कळत नाही. तिसरं, पाणी बर्फाइतकंच थंड. मिनिटभरात पाय बधिर होतात, आणि बधिर पायाला दगड कळत नाही.

मग काय करायचं?

एक, आदिशीहून सकाळी सातपर्यंत निघा. दोन, सिझनमध्ये सकाळी गावातले लोक घोडे घेऊन काठावर असतात आणि पैसे घेऊन पलीकडे सोडतात. घोडा घ्या. मी परत म्हणतो, घोडा घ्या. "मी चालत पार केलं" ही स्टोरी टाकण्यासाठी त्या पैशांची बचत करू नका. रोख लारी जवळ ठेवा, मेस्तियातल्या एटीएममधून काढून. पुढच्या गावांत कार्डावर विसंबू नका.

तीन, घोडा नसेल आणि पाणी कमी असेल तर जिथे पात्र पसरट होऊन फाटे फुटतात अशी जागा शोधा. अरुंद जागा मोहाची असते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरात. पायात सँडल किंवा बूट, अनवाणी नाही. सॅकचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा सोडा, खांद्याचे पट्टे सैल करा, म्हणजे पडलात तर सॅकमधून सुटता येईल. काठी घ्या. आणि एकटे उतरू नका. मागून येणाऱ्या लोकांसाठी थांबा, एकमेकांना धरून जा.

चार, पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर जाऊच नका. परत आदिशी. रात्र काढा, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा या. किंवा आदिशीहून गाडीचा कच्चा रस्ता आहे, त्याने बाहेर पडा. एक दिवस जाईल. जाऊ दे.

काम पाचवं: माणसं आणि कुत्री

कुत्र्यांचं आधी. कॉकेशसमध्ये मेंढपाळांची राखणीची कुत्री असतात. दांडगी, आणि त्यांचं काम कळपाजवळ येणाऱ्याला हाकलणं. आपल्या घाटमाथ्यावर धनगरांच्या कुत्र्यांशी गाठ पडली असेल तर अर्धं शिक्षण झालंय. कळपातून चालत जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. पळायचं नाही. उभं राहायचं, मेंढपाळाला मोठ्याने हाक मारायची, सावकाश मागे सरायचं.

माणसं मात्र छान. "गामार्जोबा" म्हणजे नमस्कार, "मादलोबा" म्हणजे धन्यवाद. या दोन शब्दांवर चार दिवस निभावतात. शाकाहारींनो, घाबरू नका. चीज भरलेली खाचापुरी आहे, राजम्याचं सारण भरलेली लोबियानी आहे, बटाटा-चीजचं ताश्मिजाबी आहे. कुबदारीत मात्र मांस असतं, दिसायला सारखीच, तेव्हा विचारून घ्या.

आणि या गावांत उभे असलेले दगडी मनोरे बघाच. घराला लागून मनोरा, बहुतेक मध्ययुगातले, हल्ल्याच्या वेळी कुटुंबाने वर जाऊन बसायचं. वरच्या स्वानेतीला १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. गड बघत वाढलेल्या माणसाला "प्रत्येक घराचा आपला बुरूज" ही कल्पना थांबवून ठेवते. उश्गुलीला पोचलात की मागे श्खारा दिसतं, पाच हजार मीटरहून उंच, जॉर्जियातलं सगळ्यात उंच शिखर. तिथून मेस्तियाला परत यायला शेअर गाडी मिळते.

काम सहावं: परत फिरणं

हे सगळ्यात कठीण काम, आणि याचं ॲप नाही.

गाईड असला की परत फिरायचा वाईटपणा तो घेतो. आपण हॉटेलात बसून "त्याने जाऊच दिलं नाही" म्हणू शकतो. गाईड नसला की तो वाईटपणा तुम्हीच घ्यायचा, आणि ऐनवेळी तो घेववत नाही. तिकिटाचे पैसे आठवतात, ऑफिसची रजा आठवते, समोर दोन जर्मन पोरं चाललेली दिसतात.

म्हणून नियम आदल्या रात्री करा, डोकं शांत असताना. आणि आकड्यात करा. "हवा बिघडली तर बघू" हा नियम नाही. "दहा वाजेपर्यंत नदी पार झाली नाही तर परत आदिशी. एक वाजता खिंडीत नसेन तर परत. गडगडाट ऐकू आला तर खिंडीकडे चढायचं नाही." हा नियम. कागदावर लिहा. सोबत कुणी असेल तर एकमेकांना वाचून दाखवा. कुणीही एक जण "परत" म्हणाला की परत, चर्चा गेस्टहाउसवर.

काम सातवं: मदत

जॉर्जियात आणीबाणीचा नंबर ११२. पण डोंगरात रेंज मध्ये मध्येच असते, आणि तुम्ही हरवलात हे कुणाला कळलंच नाही तर शोधणार कोण? म्हणून निघताना गेस्टहाउसच्या काकूंना सांगा, आज कुठे जाताय. पुढचं गेस्टहाउस ठरलेलं असेल तर त्यांना तिथे फोन करायला सांगा.

आणि घरी. आईला "काळजी करू नकोस" एवढाच मेसेज पाठवणं म्हणजे तिला हमखास काळजीला लावणं. त्यापेक्षा असं लिहा: "आज आदिशी ते इप्रारी. रेंज नसेल. उद्या रात्री भारतीय वेळेप्रमाणे दहापर्यंत मेसेज येईल. नाही आला तर आधी या गेस्टहाउसला फोन कर, मग या नंबरला." दोन्ही नंबर लिहा. घरच्यांना निदान काय करायचं ते कळतं. आणि हो, मुक्कामी पोचल्यावर मेसेज करायला विसरायचं नाही, नाहीतर तिकडे शोधपथक आणि इकडे तुम्ही खाचापुरी खाताय.

विमा काढताना नुसता "ट्रॅव्हल इन्शुरन्स" बघू नका. आत वाचा, ट्रेकिंग धरलंय का, किती उंचीपर्यंत, आणि डोंगरातून सोडवून आणायचा खर्च देतात का.

मग गाईड घ्यायचा की नाही?

माझं मत सांगतो. "गाईडशिवाय" म्हणजे "एकट्याने" असं नाही. या वाटेवर तुम्ही गाईडशिवाय असाल, पण रोज रात्री पाच-दहा जणांबरोबर जेवत असाल. त्यांना विचारा, "उद्या किती वाजता निघताय?" नदीपर्यंत एकत्र जा, मग आपापल्या वेगाने.

आणि स्थानिक ज्ञान अख्खंच विकत घ्यायला हवं असं नाही, सुटंही मिळतं. नदीपुरता घोडा हे सुटं ज्ञान. गेस्टहाउसच्या काकांनी सांगितलेलं "उद्या लवकर निघा" हे फुकटचं. पण वाट बर्फाखाली असेल, हिमनदीवरून चालायचं असेल किंवा खुणाच नसतील, तर पूर्ण गाईड घ्या. त्या डोंगरात तो रोज जातो, आपण आयुष्यात एकदा जाणार. त्याला पैसे देण्यात आपल्या ट्रेकरपणाला काही धक्का लागत नाही.

शेवटी एक गृहपाठ. आपल्यातले खूप जण पन्नास-पन्नास गड केलेले आहेत, पण सगळे इव्हेंटवाल्यांबरोबर. पुढे लीडर, मागे लीडर, मध्ये चाळीस जण, शिट्टी वाजली की चालायचं. मजा येते, पण त्यात एकही निर्णय तुमचा नसतो. तेव्हा जॉर्जियाचं तिकीट काढण्याआधी, हिवाळ्यात, दोन-तीन मित्र घेऊन राजगड ते तोरणा करा. संजीवनी माचीवरून उतरायचं, धार धरून बुधला माचीवर चढायचं. नकाशा तुम्ही वाचा, पाण्याचा हिशोब तुम्ही करा, परत फिरायची वेळ तुम्ही ठरवा आणि पाळा. गावात सांगून जा. ती सातही कामं एकदा ओळखीच्या डोंगरात करून बघा. कुठलं जमलं नाही ते तिथे कळेल, घराजवळ, मराठी बोलणाऱ्या माणसांत.

ते जमलं की मग मेस्तियाची मार्श्रुत्का पकडा. आणि तिसऱ्या दिवशी सातला निघा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कुणी बाहेर गाईडशिवाय चाललं असेल, तर सातातलं कुठलं काम सगळ्यात जड गेलं ते मला लिहून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवतो. आणि ज्या मित्राने "चल ना, बघू तिथे गेल्यावर" म्हणत प्लॅन केलाय, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटूच!